हंसपद घालून लिहिलेला ‘अ’

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातील एका माध्यमिक विद्यालयाच्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. नव्या शैक्षणिक वर्षाच्या डायरीत छापायची शिस्तीची नियमावली त्यांनी सोबत आणली होती आणि तिच्यातील मराठीवर एकदा नजर फिरवून द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. निवृत्त मराठी शिक्षकाकडे लोक अशी कामे आणतातच. लग्नपत्रिका येतात, श्रद्धांजलीचे मजकूर येतात, देवस्थानच्या जत्रेची निमंत्रणपत्रे येतात, तशी ही नियमावली आली. गणवेश, केस, नखे, मोबाइल, उशिरा येणे ही नेहमीची कलमे मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत भराभर ओलांडली. सतराव्या कलमापाशी मात्र पेन थांबले. ‘शाळेची, शिक्षकांची, व्यवस्थापनाची अथवा शाळेच्या हितचिंतकांची बदनामी होईल असे कोणतेही वक्तव्य विद्यार्थ्याने तोंडी, लेखी अथवा समाजमाध्यमांवर करू नये; तसे केल्यास विद्यार्थ्याकडून लेखी माफीनामा घेण्यात येईल व तो त्याच्या अभिलेखास जोडण्यात येईल.’ वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी बाईंना म्हटले, “हे कागद दोन दिवस माझ्याकडे राहू द्यात.” त्यांना वाटले, मला वेळ नसावा.

वेळेचा प्रश्न नव्हता. असा एक माफीनामा मी स्वतः लिहून घेतलेला आहे आणि तो अजून मनातून गेलेला नाही. लिहून घेतलेला म्हणजे वाक्य मी सांगायचे आणि नववीतल्या मुलीने ते उतरवून घ्यायचे, असा. ते वर्ष २०१०-११ होते.

आमची शाळा डिचोली तालुक्यात, खनिजवाहतुकीच्या रस्त्याला लागून होती. त्या वर्षांतला तो रस्ता ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांना नुसते ‘धूळ होती’ म्हणून काही कळायचे नाही. त्या आर्थिक वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिजाची निर्यात झाली. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत हा माल बहुतांशी ट्रकांनीच जात असे आणि तिथून बार्जमधून मुरगाव बंदरात. शेजारच्या कर्नाटकातून आलेला माल त्यात काही प्रमाणात असला, तरी एका ट्रकात दहा टन धरले तर हे जवळपास पन्नास लाख फेऱ्यांचे काम होते. पावसाळ्यात वाहतूक थांबे, तेवढे चार महिने आमच्या वर्गांच्या खिडक्या उघड्या असत. ऑक्टोबरपासून त्या बंद होत आणि मेपर्यंत उघडत नसत. बंद खिडकीतूनही बाकांवर तांबूस थर बसे; मुले त्यावर बोटाने नावे लिहीत आणि पहिल्या तासाला ती पुसून मग वह्या उघडत. कविता शिकवताना भरलेला ट्रक चढावर गिअर बदलू लागला की मी ओळ अर्ध्यावर सोडून थांबायचो. वर्गालाही त्या थांबण्याची सवय झाली होती.

शाळेच्या व्हरांड्यात एक भित्तिपत्रक होते आणि ते माझ्याकडे असे. दर पंधरा दिवसांनी मुले लिहून देत, मी वाचून शुद्धलेखन सुधारत असे आणि सोमवारी सकाळी ते काचेच्या फळ्यात लागत असे. वसंत ऋतू, माझी आई, पाणी वाचवा, शिगमो, असे विषय. त्या पंधरवड्यात एका मुलीने ‘आमच्या मराठीच्या तासाला कोण कोण येते’ या नावाचा मजकूर दिला. ती खिडकीजवळ बसत असे. वहीच्या मागच्या पानावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा पद्धतीने तिने चाळीस मिनिटांच्या एका तासात गेलेले ट्रक मोजले होते. अठ्ठावन्न. त्यांतले भरलेले पस्तीस आणि रिकामे तेवीस. सर किती वेळा थांबले, तेही मोजलेले होते. शेवटी दोनच वाक्ये होती. आमच्या नव्या सभागृहाच्या दारावर ज्यांचे नाव आहे, त्यांच्याच खाणीवरून यांतले बरेच ट्रक येतात. सभागृहाच्या खिडक्यासुद्धा आम्हांला बंदच ठेवाव्या लागतात.

मी ते वाचले, ‘चाळिस’चे ‘चाळीस’ केले आणि लावले. शेवटच्या दोन वाक्यांचे वजन माझ्या लक्षात आले नाही असे मी म्हणणार नाही. आले होते, आणि मनातून थोडे बरेही वाटले होते. एखादी गोष्ट आपण म्हणू धजत नाही आणि पोर म्हणून टाकते, तेव्हा मोठ्या माणसाला जो फुकटचा आनंद होतो, तसा तो होता.

मंगळवारी दुपारी भित्तिपत्रक उतरवले गेले. बाहेरून कोणाचीही तक्रार आली नव्हती. सभागृहाचे देणगीदार आमच्या व्हरांड्यात वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाला येत. त्यांची बदनामी झाली म्हणावे, तर ती झाल्याचा त्यांना पत्ताही नव्हता. व्यवस्थापन समितीतल्या कोणीतरी जाता जाता वाचले होते, एवढेच. आमचे हेडमास्तर सज्जन गृहस्थ होते. त्यांना संगणक कक्ष हवा होता आणि तो कोणाच्या पैशांतून होणार, हे सर्वांना माहीत होते. त्यांनी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतले. वडिलांचा स्वतःचा एक ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला, आणि तो त्याच रस्त्यावर धावत होता. म्हणजे तिने मोजलेल्या अठ्ठावन्नांत कदाचित एक घरचाही असावा. वडिलांना कोणीही धमकावले नाही. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मुलीचे लिखाण वाचायला दिले. ते वाचून त्यांचा चेहरा जसा झाला, तो पाहिल्यावर धमकावण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

माफीनामा मी लिहून घ्यावा असे ठरले, कारण भित्तिपत्रक माझे आणि मराठीही माझे. चौथ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत ती माझ्यासमोर बसली. मी सांगू लागलो. ‘मी भित्तिपत्रकात जे लिहिले ते माझ्या अज्ञानामुळे लिहिले. त्यात मी खोटी माहिती दिली...’ इथे ती थांबली. मान वर न करता म्हणाली, “सर, हांवें फट बरोवंक ना.” शाळेत आम्ही तिला प्रमाण मराठी बोलायला शिकवले होते, पण खरे बोलायची वेळ आली तेव्हा ती घरच्या कोकणीत बोलली. तिने खोटे लिहिलेले नव्हते, हे मला ठाऊक होते. ट्रक मीही पाहिले होते आणि थांबलोही मीच होतो. मी ‘खोटी’ शब्द काढायला सांगून ‘अयोग्य’ हा शब्द सुचवला आणि त्या क्षणी आपण मोठे औदार्य दाखवले, असे मला वाटले.

तिने पुढचे सगळे निमूटपणे लिहिले. कागद हेडमास्तरांकडे गेला आणि पाच मिनिटांत परत आला. तिने ‘त्यात मी योग्य माहिती दिली’ असे लिहिले होते. हेडमास्तरांनी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली होती. मी तिला ती दाखवली. तिने ओळीखाली हंसपद घालून वर एक लहानसा ‘अ’ लिहिला. तो घाईत राहून गेला होता की मुद्दाम गाळला होता, हे मी तेव्हा विचारले नाही आणि नंतरही कधी विचारले नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो वह्यांत हंसपदे घातली असतील. राहून गेलेले अक्षर जागेवर बसवण्यासाठी ते चिन्ह असते. त्या दिवशी ते खऱ्याचे खोटे करण्यासाठी वापरले गेले आणि ते मी शिकवलेले होते.

या प्रसंगाकडे मी पुष्कळ वर्षे एक खेदजनक पण किरकोळ घटना म्हणून पाहत होतो. मुलीला कोणी मारले नाही, काढून टाकले नाही, तिचे गुण कापले नाहीत. २०१६च्या अखेरीस चित्रपटगृहांतील राष्ट्रगीतावरून देशभर वाद झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून केरळातल्या एका जुन्या खटल्याचे उल्लेख येऊ लागले, आणि तो वाचल्यावर माझे ‘किरकोळ’ हे विशेषण गळून पडले. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, निकालाचे वर्ष १९८६. मी तेव्हा बी.एड. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेतल्या मुलांच्या अभिव्यक्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेला इतका महत्त्वाचा निर्णय माझ्या साऱ्या नोकरीत, एकाही प्रशिक्षण वर्गात, कोणी उच्चारलेला मला आठवत नाही. प्रश्नपत्रिकेचा आराखडा कसा करावा, यावर मात्र मी किमान नऊ शिबिरे केली.

तीन भावंडे होती. बिजो दहावीत, बिनू मोल नववीत आणि बिंदू पाचवीत. कुटुंब यहोवाचे साक्षीदार या पंथाचे. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ही मुले आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण देवाखेरीज कोणाचे स्तवन करू नये अशी त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते आणि कोणाचे काही बिघडले नव्हते. मग एका आमदाराच्या ते लक्षात आले, विधानसभेत प्रश्न गेला, चौकशी समिती नेमली गेली. मुले शिस्तीत वागणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा अहवाल त्या समितीने दिला. तरीही शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून जुलै १९८५ मध्ये मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासून त्यात कोणाच्याही धर्मभावनेला धक्का लावणारे काही नाही, असा निर्वाळा दिला आणि मुलांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी हा प्रश्नच चुकीचा ठरवला. मुलांची श्रद्धा मनापासूनची आहे का, एवढेच पाहायचे होते. ती आपल्याला पटते का, हे नव्हे. भाषणस्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि त्यावर बंधन घालायचे तर ते कायद्याने घालावे लागते, खात्याच्या परिपत्रकाने चालत नाही. निकालाच्या शेवटी न्यायालयाने म्हटले आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपले तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगते, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरते. तिच्यात पाणी घालू नये.

गप्प राहण्याचे स्वातंत्र्य, हे वाचताना मला ती चौथ्या तासाची खोली आठवली. भित्तिपत्रक उतरवून आम्ही तिला गप्प केले होते, आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान तिची ती वाक्ये तिची राहिली असती. आम्ही पुढे गेलो. आम्ही तिला गप्पही राहू दिले नाही, आमची वाक्ये तिच्या अक्षरात लिहून घेतली आणि खाली तिची सही घेतली. माफीनामा ही शिक्षा सौम्य मानली जाते, कारण तिने वळ उठत नाहीत. मला ती आता सर्वांत कठोर शिक्षांपैकी एक वाटते. उठाबशा काढणाऱ्या मुलाला कोणी ‘माझे पाय चुकीचे होते’ असे लिहून मागत नाही.

अमेरिकेतला यासंबंधीचा प्रसिद्ध खटलाही न बोलता केलेल्या अभिव्यक्तीचाच आहे. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेले. मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती, तिचा भाऊ जॉन पंधरांचा आणि ख्रिस्तोफर एकहार्ट सोळांचा. शाळांनी आधीच बंदी घातली होती, म्हणून त्यांना निलंबित केले गेले. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती एब फोर्टस यांचे त्यातले वाक्य जगभर उद्धृत होते, की विद्यार्थी असोत वा शिक्षक, शाळेच्या फाटकातून आत येताना आपले अभिव्यक्तीचे हक्क ते बाहेर ठेवून येत नाहीत. लोक ‘विद्यार्थी’ एवढेच लक्षात ठेवतात. मला त्यातला ‘शिक्षक’ अधिक टोचतो. शाळेला विद्यार्थ्याचे बोलणे रोखायचे असेल, तर त्याने शाळेच्या कामकाजात खरोखर मोठा अडथळा आला किंवा येणार असल्याचे ठोस कारण दाखवावे लागेल. कोणाला तरी ते रुचणार नाही ही भीती पुरेशी नाही, असा तो दंडक. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांना वाटत होते, की यापुढे शाळा मुलांच्या लहरीवर चालतील. पन्नास मुलांच्या वर्गात उभे राहिलेल्या कोणालाही ब्लॅक यांची भीती परकी वाटणार नाही. मला वाटत नाही.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या सोयीची नाही. त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये हेझलवुड खटल्यात उलट दिशेचा निकाल दिला. मिसुरी राज्यातल्या एका शाळेत पत्रकारितेच्या वर्गाचे नियतकालिक निघत असे. मुख्याध्यापकांनी त्यातली दोन पाने छपाईआधी काढली, कारण एक लेख विद्यार्थिनींच्या गरोदरपणावर होता आणि दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटावर. न्यायालय म्हणाले, की शाळेने स्वतःच्या नावाने, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून चालवलेल्या नियतकालिकात काय यावे, हे शैक्षणिक कारणासाठी शाळा ठरवू शकते. आमचे भित्तिपत्रक शाळेचे होते. काचेच्या फळ्याची किल्ली शाळेची होती. या न्यायाने पाहिले, तर ते उतरवण्याचा अधिकार हेडमास्तरांना होता असे कोणी म्हटले, तर मी फार वाद घालणार नाही. संगणक कक्ष हे शैक्षणिक कारण होते का, एवढेच विचारीन. पण आपल्या फळ्यावर एखादा मजकूर न लावणे आणि तो लिहिणाऱ्या पोरीकडून तो अयोग्य होता असे वदवून घेणे, यांत मोठे अंतर आहे.

गोव्याच्या माणसाला हे अंतर अमेरिकेकडून शिकावे लागू नये. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथे छापायच्या प्रत्येक अक्षरावर आधी सेन्सॉरची नजर फिरे. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीसाठी न्यावी लागे, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा सांगितलेले आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात भर पावसात उभे राहिले, ते परवानगीशिवाय सभा घेऊन बोलता यावे, या अगदी साध्या मागणीसाठी. १९५४ मध्ये एका मेजवानीत वक्त्याने गोवा पोर्तुगालचाच असल्याचे म्हटले, तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे ‘मी निषेध करतो’ एवढेच बोलले. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवले गेले. हे सगळे आमच्या शाळेत दरवर्षी अठरा जूनला सांगितले जाते. मुले लोहियांवर तीन-तीन मिनिटांची भाषणे करतात, भाषणस्वातंत्र्याचा जयघोष होतो, पहिल्या तीन क्रमांकांना कंपासपेट्या मिळतात. त्या भाषणांचे मसुदे आम्ही शिक्षकच लिहून देतो. माफीनामाही मीच लिहून दिला होता. तेव्हा आमच्याकडून अन्याय झाला असेल, पण विसंगती झाली असे म्हणता येणार नाही.

आणि ज्यांना वाटते की विद्यार्थ्यांनी तोंड उघडले की शाळा-महाविद्यालये बुडतात, त्यांनी बसमध्ये गणवेशातल्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीकडे पाहावे. गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी १९७८-७९ मध्ये रस्त्यावर उतरून अर्ध्या तिकिटासाठी केलेल्या आंदोलनाचे ते फळ आहे. त्या वेळी तेही बेशिस्तच ठरले होते.

याचा अर्थ मुलांनी काहीही बोलावे आणि शाळेने हात बांधून बसावे, असा मी मानत नाही. एका सहशिक्षकांना बोलताना अडखळण्याचा त्रास होता. दहावीच्या काही मुलांनी त्यांची नक्कल ध्वनिमुद्रित करून फिरवली, तेव्हा त्या मुलांना पंधरा दिवस मधल्या सुट्टीत वर्गात बसवण्याची शिक्षा मीच सुचवली होती आणि आजही सुचवीन. एखाद्या मुलीचे छायाचित्र विद्रूप करून गटात टाकणे, जातीवरून वा धर्मावरून शिवी देणे, तास चालू असताना घोषणा देणे, यांना मी अभिव्यक्तीच्या आडोशाला येऊ देणार नाही. अवघड जागा दोहोंच्या मध्ये आहे, आणि मोबाइलमुळे ती रुंदावली आहे. अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीला शाळेच्या मुख्य चिअरलीडर पथकात जागा मिळाली नाही, म्हणून तिने सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेरून, स्नॅपचॅटवर शाळेला शिवी हासडली. शाळेने तिला वर्षभर कनिष्ठ पथकातूनही काढले. २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू घेतली, आणि सरकारी शाळा या लोकशाहीच्या रोपवाटिका आहेत, असे न्यायमूर्ती ब्रायर यांनी त्यात लिहिले. छळ किंवा धमकी असेल तर शाळेबाहेरच्या बोलण्यातही शाळा लक्ष घालू शकते, ही वाटही न्यायालयाने मोकळी ठेवली. शिवी हासडलेली मुलगी न्यायालयात जिंकली, हे ऐकून आमच्याकडच्या पालक-शिक्षक संघातले निम्मे सभासद उठून उभे राहतील. मलाही ती शिवी आवडलेली नाही. पण शनिवारी दुपारी पोराच्या तोंडात काय असावे, हे त्याच्या आईबापांनी पाहायचे असते. मुख्याध्यापकांना सोमवार ते शुक्रवारचेच पुष्कळ असते.

कायद्याचे छत्र आपल्याकडे नाही असे नाही. शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घालणारा गोवा बाल कायदा २००३ मध्येच झाला. शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. मात्र तो कायदा सहा ते चौदा वयाच्या आणि आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे. मूल नववीत गेले, म्हणजे नेमके प्रश्न विचारायच्या वयात आले, की ते त्या छत्राबाहेर पडते. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, शाळेची शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी असे स्पष्ट म्हटले आहे. छडी गेली ती या कायद्यांमुळेच. छडी गेल्यावर तिच्या जागी काय आले, हे कोणी फारसे पाहिले नाही. माझ्या पाहण्यात तरी तिच्या जागी कागद आला.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. शाळेच्या खिडक्या उघडल्या. त्या मुलीच्या वडिलांचा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला आणि बरीच वर्षे तसाच होता. मी त्या बाजूने गेलो की दिसायचा. तिचे ट्रक मोजणे बरोबर होते आणि तिच्या बापाचे हप्त्यांचे भय हेही खरे होते, आणि शाळेत या दोन्ही गोष्टी एका वर्गात बसून बोलता आल्या असत्या, तर मराठीचा तो तास वाया गेला नसता. ती मुलगी पुढे शिकली, आता पणजीत नोकरीला आहे. साखळीच्या बाजारात एकदा भेटली, पाया पडली, मुलाचे नाव सांगितले. मीही चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळांचे भाव काय आहेत, यावर बोलत राहिलो.

सतरावे कलम मी दोन दिवसांत तीनदा लिहिले. ‘बदनामी’ हा शब्द काढला, कारण तो शब्द खरे आणि खोटे यांत फरक करत नाही. खरे बोलूनही माणसाची बदनामी होते, किंबहुना ती खऱ्यानेच अधिक होते. ‘हितचिंतक’ हा शब्दही काढला. त्याजागी असे लिहिले, की विद्यार्थ्याच्या बोलण्या-लिहिण्यामुळे अध्यापनात प्रत्यक्ष अडथळा आला किंवा दुसऱ्या कोणाचा छळ झाला, तरच ते शिस्तभंगाचे कारण मानले जाईल. कारवाईपूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून ते त्याच्याच शब्दांत नोंदवले जाईल. कारवाईचे कारण लेखी दिले जाईल. आणि विद्यार्थ्याकडून कोणतेही विधान सांगून लिहून घेतले जाणार नाही. शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ खिडकीशी बसलो.

बाई परवा कागद न्यायला आल्या. त्यांनी कलम दोनदा वाचले. व्यवस्थापन समितीपुढे ठेवते म्हणाल्या. ‘हितचिंतक’ शब्द काढल्याचे कोणाच्या लक्षात येऊ नये, असेही हसत म्हणाल्या. मग पिशवीतून त्यांनी डायरीची छापखान्यातून आलेली कच्ची प्रत काढली आणि शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. तिथे माफीनाम्याचा नमुना छापून तयार होता. ‘मी, कुमार/कुमारी’, मग टिंबटिंब, ‘इयत्ता’, मग टिंबटिंब, ‘तुकडी’, आणि खाली चार ओळी आधीच लिहिलेल्या, फक्त सहीपुरती जागा मोकळी. “मग या पानाचे काय करायचे, सर?” त्यांनी विचारले. मी म्हटले, कोरे ठेवा. पान कोरे ठेवले तर छपाईच्या दरात फरक पडतो का, ते छापखान्यात विचारून त्या कळवणार आहेत.